अंड्यांतील औषधांचे अंश : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

डिसेंबर 2025 मध्ये एका परिचित ब्रँडच्या अंड्यांत बंदी असलेल्या औषधाचा अंश आढळल्याचा दावा करणारी चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत अंड्यांविषयीच्या प्रश्नांची संख्या इतकी वाढली की हा संपूर्ण अंक त्यांनाच देणे योग्य वाटले. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत व दोघेही रोज एक अंडे खातात. अंड्यांत नायट्रोफ्युरान सापडल्याच्या आणि त्यामुळे कर्करोग होत असल्याच्या बातम्या वाचल्यापासून मी अंडी आणणे थांबवले आहे. सासूबाई म्हणतात की उगाच घाबरू नकोस, तर शेजारच्या ताई म्हणतात की पुन्हा आणूच नकोस. नेमके काय करावे? (एक गृहिणी, ठाणे)

अंडी पुन्हा सुरू करावीत, हे आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो.

नायट्रोफ्युरान हा जीवाणूंविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम औषधांचा गट आहे. फ्युराझोलिडोन, फ्युराल्टाडोन, नायट्रोफ्युराझोन आणि नायट्रोफ्युरँटोइन ही त्यातील चार प्रमुख औषधे. स्वस्त आणि गुणकारी असल्यामुळे ती एकेकाळी जगभर कोंबड्या, डुकरे आणि कोळंबीच्या तळ्यांत सर्रास वापरली जात. पुढे प्रयोगशाळेतील प्राण्यांना यांतील काही औषधे मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यावर गाठी निर्माण होतात असे दिसून आले. जी औषधे पेशींतील जनुकीय द्रव्यालाच इजा करू शकतात, त्यांच्यासाठी 'इतक्या मात्रेपर्यंत निर्धोक' अशी रेषा आखणे तज्ज्ञांना शक्य होत नाही. म्हणून युरोपीय संघाने 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये त्यांचा वापर पूर्णपणे बंद केला. आपल्याकडेही अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2011च्या विनियमांनुसार कोंबडीपालनाच्या कोणत्याही टप्प्यावर ही औषधे वापरण्यास मनाई आहे.

आता बातमीतील आकड्याकडे वळू. मूळ औषध कोंबडीच्या शरीरात काही तासांतच मोडून नाहीसे होते. मात्र त्यापासून तयार होणारे घटक शरीरातील प्रथिनांना चिकटून कित्येक आठवडे राहतात. प्रयोगशाळा शोधतात ते हे घटक, आणि फ्युराझोलिडोनपासून बनणाऱ्या अशा घटकाला एओझेड म्हणतात. प्राधिकरणाने या घटकांसाठी दर किलोग्रॅमला 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक अब्जांश, ही मर्यादा ठरवलेली आहे आणि वृत्तांत आलेला आकडा तिच्या आतला होता. 20 डिसेंबर 2025 रोजी प्राधिकरणाने देशातील अंडी खाण्यास सुरक्षित असल्याचे स्पष्टीकरण दिले.

मात्रेचा अंदाज येण्यासाठी एक हिशोब करून पाहावा. साधारण 50 ग्रॅमच्या अंड्यात 1 मायक्रोग्रॅम प्रतिकिलो या प्रमाणात अंश असेल, तर त्या अंड्यातून पोटात जाणारी मात्रा 0.05 मायक्रोग्रॅम होते. याच गटातील नायट्रोफ्युरँटोइन हे औषध मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी आजही माणसांना दिले जाते, आणि त्याच्या 100 मिलिग्रॅमच्या एका गोळीतील वजन अशा 20 लाख अंड्यांतील एकूण अंशाइतके भरते. गोळीतील औषध आणि अंड्यातील घटक हे रासायनिकदृष्ट्या एकच नव्हेत, त्यामुळे या तुलनेवरून विषारीपणाचा निवाडा करता येणार नाही. पण आपण किती सूक्ष्म मात्रेविषयी बोलत आहोत हे त्यातून कळते. दुसऱ्या बाजूला, एका अंड्यातून मुलाला सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, शिवाय जीवनसत्त्व ब-12 आणि कोलीन मिळते. हे सारे आज सोडून देणे आणि त्याच्या बदल्यात एक अतिसूक्ष्म, सिद्ध न झालेला धोका टाळणे, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

मात्र 'मर्यादेच्या आत आहे, विषय संपला' हे उत्तरही मला मान्य नाही. दर किलोला 1 मायक्रोग्रॅम हा आकडा आरोग्याच्या दृष्टीने निर्धोक पातळी म्हणून ठरलेला नाही. प्रयोगशाळांना खात्रीने मोजता यावे आणि कारवाईला आधार मिळावा म्हणून तो ठरवलेला आहे. युरोपीय संघाने नोव्हेंबर 2022 पासून हीच रेषा 1 वरून 0.5 मायक्रोग्रॅमवर आणली, ती त्या दिवशी धोका दुप्पट झाला म्हणून नव्हे, तर उपकरणे अधिक सूक्ष्म झाली म्हणून. बंदी असलेल्या औषधाचा अंश 0.5 असो वा 0.9, तो अंड्यात पोहोचला कसा हा प्रश्न उरतोच. कोणीतरी औषध वापरले का, खाद्यातील एखादा घटक दूषित होता का, की अंश अन्य मार्गाने आला? नायट्रोफ्युराझोनची खूण मानला जाणारा सेमिकार्बाझाइड हा घटक तर काचेच्या बरण्यांच्या झाकणातील प्लास्टिकच्या पट्टीतूनही अन्नात उतरू शकतो, हे युरोपात 2003च्या सुमारास लक्षात आले होते. तेव्हा अंश सापडताच उत्पादकाला दोषी ठरवणेही घाईचे होते. या प्रश्नांची उत्तरे शोधणे ही नियामकांची जबाबदारी आहे. आपल्या मुलांच्या डब्यातून अंडे काढून घेतल्याने ती पार पडणार नाही.

प्रश्न : अंडी दहा-बारा मिनिटे उकळली तर त्यातील औषधांचे अंश नष्ट होतात का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

बहुतांशी होत नाहीत. टेट्रासायक्लिन आणि पेनिसिलिन गटातील औषधे उष्णतेने काही प्रमाणात मोडतात, परंतु किती मोडतील हे तापमान, वेळ आणि पदार्थ यांवर अवलंबून असते. एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे, क्लोरॅम्फेनिकॉल आणि वर सांगितलेले नायट्रोफ्युरानचे घटक उकळण्याला फारशी दाद देत नाहीत. उकडलेल्या अंड्यातून काही अंश पाण्यात उतरलाच, तर तो त्या पाण्याबरोबर फेकला जातो, एवढाच काय तो लाभ.

तरीही अंडे पूर्ण शिजवावेच, कारण त्याचा खरा उपयोग वेगळ्या शत्रूविरुद्ध आहे. साल्मोनेला हा जीवाणू कवचावर आणि क्वचित अंड्याच्या आतही असू शकतो, आणि पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवल्यास तो मरतो. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना अर्धकच्चे अंडे, कच्च्या अंड्याचे मेयोनेज किंवा दुधात फेटलेले कच्चे अंडे देऊ नये. औषधांच्या अंशांची धास्ती घेऊन मुलांना कच्चे अंडे पाजणारे 'पैलवानी' पालक मला भेटले आहेत. त्यांची चिंता नेमकी उलट्या ठिकाणी लागलेली असते.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आमच्या फार्मवर 5,000 लेअर (अंडी देणारे) पक्षी आहेत, वय 38 आठवडे. मागील महिन्यात पक्ष्यांना घरघर सुरू झाली, उत्पादन घटले आणि थोडी मरही झाली. औषध दुकानदाराने पाण्यातून द्यायची पावडर दिली, ती पाच दिवस दिली आणि पक्षी बरे झाले. त्या काळातील अंडी नेहमीप्रमाणे व्यापाऱ्याने उचलली. आता बातम्या वाचून मनात शंका आली आहे. औषध चालू असताना अंड्यांचे काय करायचे असते? व्यापारी म्हणतो की असे कोणी विचारतच नाही. (एक कुक्कुटपालक, जिल्हा सांगली)

आपण प्रश्न विचारलात हे फार बरे केलेत, कारण या विषयात ग्राहकापेक्षा उत्पादकाच्या हातात कितीतरी अधिक आहे. उत्तर थोडे लांबेल.

प्रथम अंडे कसे बनते ते पाहू, कारण सगळा हिशोब त्यावर आहे. पिवळ्या बलकातील चरबी आणि प्रथिने कोंबडीच्या यकृतात तयार होतात, रक्तातून अंडाशयात येतात आणि बाहेर पडण्यापूर्वीच्या साधारण दहा दिवसांत झपाट्याने थरावर थर चढत बलक मोठा होतो; झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलये असावीत तसे त्या बलकात दिवसादिवसाचे थर असतात. पांढरा भाग मात्र अंडनलिकेत अवघ्या दोन-तीन तासांत चढतो आणि कवचाला त्यानंतर सुमारे 20 तास लागतात. म्हणून रक्तात औषध असेल त्या दिवसांचा अंश पांढऱ्या भागात लगेच दिसतो आणि औषध थांबल्यावर एक-दोन दिवसांत उतरतो, पण पिवळ्या बलकात तो राहून जातो. आपण सोमवारी औषध थांबवले असले तरी पुढच्या आठवड्यात मिळणाऱ्या अंड्यांतील बलक औषधाच्या दिवसांतच वाढलेला असतो. पक्षी बरा दिसतो, अंडे स्वच्छ दिसते, आणि अंश मात्र आत असतो.

याच कारणासाठी प्रत्येक औषधाला वर्ज्य काळ असतो, ज्याला पशुवैद्यक 'विथड्रॉवल पिरियड' म्हणतात. औषधाची शेवटची मात्रा दिल्यापासून तो काळ संपेपर्यंतची अंडी माणसांच्या खाण्यासाठी विकायची नसतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधील नियम 97 मध्ये 2012 साली केलेल्या दुरुस्तीनुसार अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या औषधांच्या वेष्टनावर हा काळ छापणे बंधनकारक आहे. आणि ज्या औषधाचा काळ शास्त्रीय चाचणीने ठरलेला नाही, त्यासाठी अंडी व दूध यांना किमान 7 दिवस आणि कोंबडीच्या मांसाला किमान 28 दिवस धरायचे असतात. बलकाचा हिशोब वर दिला आहे, त्यावरून माझे मत असे की वेष्टनावर स्पष्ट मुदत नसल्यास सात दिवसांवर न थांबता दहा ते बारा दिवस धरावेत. कायदा किमान सांगतो. कोंबडीचे शरीर कायद्याचे पुस्तक पाहून चालत नाही.

दुसरी गोष्ट वेष्टनावरील इशाऱ्याची. 'अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी नाही' असे छापलेले औषध लेअर शेडमध्ये आणूच नये. एन्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे सर्रास वापरले जाते, पण युरोपीय संघात खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते देण्यास मनाई आहे. कोलिस्टिनवर तर भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी, कोंबड्यांसाठी आणि खाद्यपूरकांसाठी संपूर्ण बंदी घातली. आपल्याला दिलेली पावडर कोणती होती हे पत्रात नाही, म्हणून रिकामे पाकीट मिळाल्यास ते पशुवैद्यकांना दाखवावे. यापुढे पाकीट, बॅच क्रमांक, तारीख, मात्रा आणि किती पक्ष्यांना दिले याची एका साध्या वहीत नोंद ठेवावी. शंका आली तेव्हा आपला निर्दोषपणा सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तीच वही असते.

घरघरीविषयीही बोलले पाहिजे. घरघर मायकोप्लाझ्मा या श्वसनमार्गाच्या जीवाणूमुळे येते, कोंबड्यांच्या सर्दीच्या जीवाणूमुळे येते, तशीच मानमोडी किंवा संसर्गजन्य ब्राँकायटिस या विषाणूजन्य रोगांतही येते, आणि विषाणूंवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. शेडमधील अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबत असेल तर केवळ त्यानेही पक्षी घरघरतात. त्यामुळे दुकानदाराने काउंटरवरून केलेले निदान हा जुगार असतो. दोन-तीन ताजे मेलेले पक्षी पशुवैद्यकांकडे नेऊन शवविच्छेदन करून घेणे, जमल्यास जीवाणूंची संवेदनशीलता तपासणे, आणि मग औषध ठरवणे, हा खर्च वाया गेलेल्या पावडरीपेक्षा कमीच असतो. एक धोका आवर्जून सांगतो: टायम्युलिन हे मायकोप्लाझ्मावरील औषध मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन या कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातील परजीवींवरील औषधांबरोबर पोटात गेले तर पक्षी लुळे पडून मरू शकतात. खाद्यात काय मिसळले आहे हे माहीत नसताना पाण्यातून औषध देणे किती जोखमीचे आहे, हे यावरून दिसते.

औषध पाण्यातून दिल्यावर टाकी आणि निपलची पाइपलाइन स्वच्छ धुऊन घ्यावी, कारण पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात औषध साचते आणि कोर्स संपल्यानंतरही पक्ष्यांच्या पोटात जात राहते. खाद्याबाबत तसेच आहे. औषधमिश्रित खाद्य ज्या मिक्सरमध्ये तयार झाले, त्याच मिक्सरमध्ये लगेच लेअरचे खाद्य बनवले तर आधीच्या घाण्याचा अवशेष त्यात येतो. अनेकदा शेतकऱ्याने औषध दिलेलेच नसते आणि अंड्यात मात्र ते सापडते. खाद्य बाहेरून घेत असाल तर कारखानदाराकडून याबाबत लेखी हमी मागावी.

आता पैशांचे. आपल्या 5,000 पक्ष्यांचे उत्पादन 85 टक्के धरले तर दिवसाला 4,250 अंडी होतात, म्हणजे दहा दिवस अंडी बाजूला काढणे म्हणजे 42,500 अंड्यांवर पाणी सोडणे. रोज जाहीर होणाऱ्या दरात मुळात मार्जिन तुटपुंजे असताना हा भार एकट्या शेतकऱ्याने उचलावा अशी अपेक्षा करणे सोपे आहे आणि ती पाळणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. 'कोणी विचारतच नाही' हे व्यापाऱ्याचे वाक्य म्हणूनच खरे आहे आणि तेच या सर्व प्रकरणाचे मूळ आहे. तपासणी होत नाही, त्यामुळे मुदत पाळणाऱ्याला बक्षीस नाही आणि न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. विमा योजनांनी आणि अंडी खरेदी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी वर्ज्य काळातील नुकसानीचा वाटा उचलल्याशिवाय केवळ शेतकऱ्याला नैतिकतेचे धडे देऊन फारसे काही साधणार नाही असे मला वाटते. आपल्यापुरते बोलायचे तर मानमोडी, गंबोरो, देवी यांचे लसीकरण वेळेवर करणे, तसेच शक्य असल्यास सर्दी व मायकोप्लाझ्माच्या लसी, शेडमधील हवा आणि पाण्याची स्वच्छता, बाहेरच्या माणसाला व ट्रेला मज्जाव, यांवर केलेला खर्च सर्वांत स्वस्त पडतो, कारण न आलेल्या रोगाला वर्ज्य काळ नसतो.

बाजूला काढलेली अंडी बेकरीला, वसतिगृहाला किंवा फुकट म्हणून वस्तीत देऊ नयेत. ती फोडून चुना घालून खड्ड्यात पुरावीत.

प्रश्न : मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. अंडी खाल्ल्याने धोका आहे का? (एक वाचक, नागपूर)

अन्नातील पेनिसिलिनच्या अंशाने ॲलर्जी उठल्याच्या क्वचित नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, त्या प्रामुख्याने दूध आणि मांस यांबाबत. अंड्यांबाबत ही शक्यता फारच कमी आहे. अंडी खाल्ल्यावर पुरळ किंवा घशात खवखव होत असेल तर आधी अंड्याच्या प्रथिनांचीच ॲलर्जी नाही ना, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. ती कितीतरी अधिक प्रमाणात आढळते.

प्रश्न : दुकानात 'अँटिबायोटिक-फ्री' लिहिलेली अंडी साध्या अंड्यांच्या दीडपट-दुप्पट भावाने मिळतात, आणि आठवडी बाजारात गावरान अंडी त्याहूनही महाग. जास्त पैसे देण्यात अर्थ आहे का? गडद केशरी बलकाची अंडी औषधमुक्त असतात असेही ऐकले आहे. (एक संगणक अभियंता, पुणे)

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बलकाचा रंग खाद्यातील रंगद्रव्यांवर ठरतो. मका, लसूणघास किंवा झेंडूच्या फुलांचा अर्क खाद्यात असला की बलक केशरी होतो, आणि तांदळाचा कोंडा किंवा ज्वारी जास्त असली की फिकट. कवच तपकिरी असणे हे कोंबडीच्या जातीवर अवलंबून असते. पाण्यात अंडे तरंगते की बुडते यावरून त्याचे वय कळते. यांपैकी कशाचाही औषधाशी संबंध नाही, आणि डोळ्यांनी, नाकाने किंवा जिभेने औषधाचा अंश ओळखता येत नाही.

'अँटिबायोटिक-फ्री' या शब्दाचे निदान तीन अर्थ होऊ शकतात: पक्ष्याला जन्मापासून कधीच प्रतिजैविक दिले नाही; वाढीसाठी खाद्यातून दिले नाही पण आजारात दिले; किंवा दिले असले तरी तपासणीत अंड्यात अंश सापडला नाही. पाकिटावर यांतील नेमका कोणता अर्थ अभिप्रेत आहे, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत आणि किती वारंवार होते, अहवाल बॅचनुसार उपलब्ध आहे का, हे उत्पादकाला ईमेलने विचारून पाहावे. ज्याच्याकडे खरेच अशी व्यवस्था असते तो आनंदाने उत्तर देतो. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असावी. जैविक असा दावा असेल तर 'जैविक भारत' हे चिन्हही असावे.

गावरान अंड्यांविषयी आपल्याकडे जी श्रद्धा आहे तिला मी धक्का लावू इच्छित नाही, कारण चवीचा प्रश्न वेगळा आहे. उकिरड्यावर चरणाऱ्या दहा-वीस कोंबड्यांना प्रतिजैविकयुक्त खाद्य मिळण्याची शक्यता कमी असते हे खरे. परंतु अशा कोंबड्या आजारी पडल्या की घरातल्या माणसासाठी आणलेली कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची सवयही अनेक गावांत आहे, आणि त्यांच्या अंड्यांची तपासणी कधीच होत नाही. शिवाय शहरात गावरान म्हणून विकली जाणारी सगळीच अंडी गावरान असतात असे मानण्याइतके आपण भोळे नाही. जास्त पैसे द्यायचेच असतील तर नोंदी दाखवणाऱ्या उत्पादकाला द्यावेत. साध्या अंड्यांवर भागवणाऱ्या कुटुंबाने मात्र आपण मुलांना कमी दर्जाचे खाऊ घालत आहोत असा अपराधभाव बाळगू नये.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने टेट्रासायक्लिन गटासाठी अंड्यांत 400 मायक्रोग्रॅम प्रतिकिलो ही कमाल मर्यादा दिलेली आहे. 60 किलो वजनाच्या माणसासाठी दैनिक ग्राह्य मात्रा (आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी मात्रा) 1,800 मायक्रोग्रॅम येते, म्हणजे मर्यादेइतका अंश असलेली 90 अंडी एका दिवसात खाल्ली तर ती गाठली जाईल. मग एवढी ओरड कशासाठी? (छत्रपती संभाजीनगर)

आपला हिशोब बरोबर आहे आणि म्हणूनच प्रश्न महत्त्वाचा आहे. परवानगी असलेल्या औषधांच्या बाबतीत अंड्यातील अंशामुळे खाणाऱ्याला थेट विषबाधा होण्याची भीती जवळजवळ नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हा अपवाद: त्याच्यामुळे काही थोड्या माणसांत अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणेच थांबवते, आणि या दुष्परिणामाचा मात्रेशी सरळ संबंध लावता येत नाही, म्हणून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बहुतेक देशांत बंदी आहे. भारतात मार्च 2025 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्या अशा प्राण्यांसाठीच्या उत्पादनावर व विक्रीवरच बंदी आली.

ओरड करण्याजोगी गोष्ट अंड्यात कमी आणि शेडमध्ये जास्त आहे. हजारो पक्ष्यांना एकाच वेळी पाण्यातून औषध दिले जाते तेव्हा कोणी जास्त पितो, कोणी आजारी असल्यामुळे मुळीच पीत नाही, आणि प्रत्येकाच्या आतड्यातील कोट्यवधी जीवाणू वेगवेगळ्या, बहुधा अपुऱ्या, मात्रेला सामोरे जातात. त्यात जे तगतात ते विष्ठेतून बाहेर पडतात. कोंबडी खत म्हणून ते उसाच्या आणि भाजीपाल्याच्या रानात जातात, शेडमध्ये काम करणाऱ्या मजुराच्या हातावर जातात, ओढ्यात जातात. अंड्यातील अंश तपासणीत निर्दोष ठरला तरी ही वाट बंद होत नाही; आणि खाणाऱ्याने अंडी सोडली तरी होत नाही.

याची उदाहरणे ठसठशीत आहेत. युरोपात अॅव्होपार्सिन हे औषध वाढीसाठी खाद्यातून दिले जात असे. ते माणसांतील गंभीर संसर्गांवर वापरल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिनचे नातलग आहे, आणि कोंबड्या-डुकरांत व्हँकोमायसिनला न जुमानणारे जीवाणू सापडू लागल्यावर 1997 मध्ये संघभर त्यावर बंदी आली. 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी कोणतेही प्रतिजैविक खाद्यातून देणे तेथे बंद झाले. अमेरिकेने सप्टेंबर 2005 मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी काढून घेतली, कारण कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जीवाणूत त्या गटाविरुद्ध प्रतिरोध वाढत होता. एन्रोफ्लॉक्सासिनचे शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिन होते, हे आपण अभ्यासात वाचले असेलच. आणि नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एमसीआर-1 हे जनुक जाहीर केले, जे एका जीवाणूतून दुसऱ्या जातीच्या जीवाणूत सहज उडी मारते. अतिदक्षता विभागात बाकी सारी औषधे थकल्यावर डॉक्टर ज्या औषधाकडे वळतात ते कोलिस्टिन आपण कोंबड्यांच्या खाद्यात वजनवाढीसाठी घालत होतो, हे आठवले की 2019ची बंदी उशिराच आली असे म्हणावे लागते.

म्हणून अंड्यातील अंशाकडे मी विष म्हणून कमी आणि पुरावा म्हणून जास्त पाहतो. तो सापडला याचा अर्थ बहुधा शेडमध्ये औषध दिले गेले आणि मुदत पाळली गेली नाही, किंवा खाद्य दूषित झाले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2014 मध्ये राजधानी परिसरातील कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले तेव्हा 40 टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले होते. 2023-24 मध्ये भारतात सुमारे 142.77 अब्ज अंडी उत्पादित झाली, म्हणजे माणशी वर्षाला 103. परदेशी जाणाऱ्या कोळंबीची तपासणी युरोपीय संघाने 2016 मध्ये निम्म्या मालापर्यंत वाढवली आणि आपल्या निर्यातदारांनी कुरकुरत का होईना तिला तोंड दिले. तेवढी शिस्त आपल्या स्वतःच्या ताटात पडणाऱ्या अंड्यांसाठी का असू नये, हा प्रश्न आपल्या पिढीच्या औषधशास्त्रज्ञांनी विचारत राहावा.

प्रश्न : सामान्य ग्राहकाला अंडी तपासून घेता येतात का? घरी वापरता येणारे किट मिळते का? (एक ग्राहक, कोल्हापूर)

घरगुती किटवर विसंबू नये. जीवाणूंची वाढ थांबते की नाही यावर आधारलेल्या साध्या चाचण्या दुधासाठी ठीक चालतात, पण अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम हा नैसर्गिकरीत्या जीवाणूंना मारणारा घटक असतो, आणि तो योग्य प्रकारे निष्क्रिय न केल्यास औषध नसतानाही चाचणी 'आहे' असे सांगते. खात्रीशीर निष्कर्षासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री ही, नमुन्यातील घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंच्या वजनावरून ओळखणारी, एकत्रित पद्धतच लागते.

ग्राहकाला तपासणीचा अधिकार मात्र कायद्याने दिलेला आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार कोणीही खरेदीदार ठरलेले शुल्क भरून अन्नपदार्थाचे अन्न विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेऊ शकतो. अट एवढीच की आपण तसे करणार असल्याचे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवावे लागते. अहवालात पदार्थ कायद्याच्या निकषांत बसत नसल्याचे आढळल्यास भरलेले शुल्क परत मिळते. खाजगी प्रयोगशाळेत जायचे झाल्यास ती एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली आणि प्राधिकरणाने अधिसूचित केलेली आहे, तसेच अंड्यांतील नेमक्या त्या औषधगटाची चाचणी तिच्या मान्यतेच्या कक्षेत आहे, हे आधी विचारून घ्यावे. या चाचण्या महाग असतात, म्हणून गृहनिर्माण संस्थेने किंवा ग्राहक पंचायतीच्या शाखेने वर्गणी काढून परिसरातील दोन-तीन पुरवठादारांचे नमुने तपासणे जास्त व्यवहार्य ठरते. पाकीट, बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवावा. अहवाल प्रतिकूल आला तर तो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी आपल्या जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रारीसह द्यावा, आणि तक्रारीची पोच घ्यायला विसरू नये.